ताठ माणसाच्या मापाचा कोट

ती. दाजी यांस,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी मान आणि उजवा खांदा सोडून बाकीची सहा नमस्कारात सामील आहेत. उरलेल्या दोघांची समजूत काढणं चालू आहे, ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा काय म्हणतो? अक्काचा खोकला गेला का? चौतीस वर्षं नकाशे काढून येत्या शनिवारी तुम्ही निवृत्त होणार, कचेरी तुमचा सत्कार करणार, हे ऐकून आम्हा सर्वांना फार आनंद झाला आहे. इकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक आहे, म्हणजे मी सोडून सगळं. खरं तर फोनच करणार होतो. पण दुकानातला फोन मालकांच्या कोपराशी असतो, आणि घरून केला तर तुम्ही "हो, हो, बरं" म्हणून ठेवून देता. कागदाला तसं म्हणता येत नाही.

माझ्या हाताचं अक्काने सांगितलं असेलच, पण तिने ते थोडक्यात सांगितलं असणार, आणि हे प्रकरण थोडक्यात सांगण्यासारखं नाही. आमची कापायची कात्री भरल्या तांब्याएवढी जड असते. सव्वीस वर्षं ती उजव्या हातात आणि मान खाली, असा माझा संसार चालला. (मान खाली घालणं मला कुणी शिकवावं लागलं नाही. गावच्या शाळेत जमिनीवर बसून मांडीवरच्या पाटीत डोकं घालायचं, आणि घरून निघताना आईने बजावायचं, मान खाली घालून जा, मान खाली घालून ये. मी आज्ञाधारक मुलगा. अजून वर केली नव्हती.) तीन महिन्यांपूर्वी एका बाहीच्या मध्यावर बोटं बधिर झाली आणि कात्री खडूची रेघ सोडून बोटभर आत गेली. मालकांनी पाहिलं. आमचे मालक ओरडत नाहीत, म्हणूनच त्यांची भीती वाटते. त्यांनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, बघू. हात सुधारला तर ठीक, नाहीतर कापायचं टेबल आमच्या जावईबापूंकडे देऊ. तुम्ही काजं-बटणं बघा." काजं-बटणांत कमीपणा नाही, दाजी, देवाला सगळी कामं सारखीच. पण सव्वीस वर्षं ज्याने कोटाला जन्म दिला त्याने आता नुसते त्याचे डोळे उघडत बसायचं, ही कल्पना मला सहन होईना. जेवण जाईना. जपाला बसलो की माळेऐवजी बटणंच मोजतोय असं वाटायचं.

डॉक्टरांनी हाडांची चित्रं काढली, दाबून पाहिलं, आणि आजार नाही, सवय आहे असं सांगून एका बाईंचा पत्ता दिला. या बाई माणसांना उठायला, बसायला आणि उभं राहायला शिकवतात. (हसू नका. मीही हसलो होतो, आणि हसताना मानेत उसण भरली.) त्यांची खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे. खोलीत एक खुर्ची, एक आरसा, एक लांब बाक, बस्स. मी मनात त्यांचं नाव सावकाशबाई ठेवलं, कारण तो शब्द त्या श्वासाइतक्या वेळा घेतात. पहिल्या दिवशी म्हणाल्या, उठा. मी उठलो. म्हणाल्या, आता काय केलंत? मी म्हटलं, उठलो. "नाही. आधी दात आवळलेत, मग मान मागे ओढलीत, मग श्वास कोंडलात, मग खांदे कानाला लावलेत, आणि एवढं सगळं आटोपल्यावर उठलात." पुढचा पाऊण तास मी खुर्चीवरून उठत होतो आणि बसत होतो. घरी आल्यावर बायकोने विचारलं, काय शिकलात? मी म्हटलं, बसायला. ती म्हणाली, त्यासाठी बाहेर कशाला जायला हवं होतं, ते तर तुम्हाला जन्मापासून येतं.

पण गुण येत गेला, हे खोटं कसं म्हणू? कुठलंही काम करण्याआधी क्षणभर थांबा आणि काय काय आवळलंय ते सोडा, एवढंच त्यांचं शास्त्र. मी त्या थांबण्याच्या जागेत देवाचं नाव बसवलं. कात्री उचलायची, नाव घ्यायचं, जबडा सैल सोडायचा, मग कापायचं. टेबलाच्या पायांखाली विटा घातल्या, तेव्हा कापड माझ्याकडे वर आलं आणि मला त्याच्याकडे खाली जाण्याचं कारण उरलं नाही. दुपारी दहा मिनिटं डोक्याखाली पुस्तक घेऊन जमिनीवर उताणं पडायचं, अशीही बाईंची आज्ञा होती. दुकानात जागा एकच, टेबलाखाली. एकदा मालकांनी खडू शोधायला वाकून पाहिलं, तर त्यांना छातीवर हात ठेवून डोळे मिटलेला, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटणारा मी दिसलो. ते आमच्या इस्त्रीवाल्याला हळूच म्हणाले, "डॉक्टरांना बोलवा, मास्तर गेले." इस्त्रीवाला म्हणाला, "गेले नाहीत शेठ, शिकताहेत." मी घाईने उठलो आणि टेबलाच्या कडेवर कपाळ आपटलं. (थांबायचं राहूनच गेलं.) तेव्हापासून तो मला जाता-येता विचारतो, "काय मास्तर, आज गज गिळलात का?"

त्या टोमण्यातही माझाच दोष म्हणायला हवा. महिनाभरात बोटांना जाग आली, मुंग्या गेल्या, आणि मला चढला अभिमान. साधना करणाऱ्याला गुण आला की पहिला पाहुणा अभिमानच येतो. बाई 'सोडा, सोडा' म्हणत होत्या आणि मी दुकानात 'ताठ, ताठ' करत सुटलो. गिऱ्हाइकांना उभं राहायला शिकवू लागलो. एका वकिलांना त्यांची मान कशी पुढे येते हे मी आरशात दाखवलं. ते कापड घेऊन निघून गेले. आणि त्याच आठवड्यात, दाजी, सत्काराच्या कोटाचं माप द्यायला तुम्ही आलात.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. टेप अंगाला लागली की माणूस छाती काढतो, पोट आत घेतो आणि नसलेली उंची आणतो. म्हणून ज्यांनी मला काम शिकवलं त्यांनी सांगून ठेवलं होतं, माप चोरून घ्यावं. खडू खाली पाडावा, गिऱ्हाइकाला उचलू द्यावा, मुलाबाळांचं विचारावं, आणि तो स्वतःला विसरला की पाठ मोजावी. सव्वीस वर्षं मी तसंच केलं. त्या दिवशी केलं नाही. नकाशांवर वाकून वाकून तुमची पाठ जशी झाली आहे तशी मी ती पाहिली, आणि मला तुमची दया आली. (मेहुण्याला दाजींची दया आली, हेच मुळात उलटं. क्षमा असावी.) मी तुम्हाला भिंतीशी उभं केलं, मान सोडा म्हटलं, डोकं वर तरंगू द्या म्हटलं, आणि तुम्ही स्वभावाप्रमाणे काही न बोलता माझं ऐकलंत. क्षणभर तुम्ही खरोखर दोन बोटं उंच झालात. त्या क्षणाला मी टेप लावली. तोच कोट मी कापला. इतका विश्वास होता, की शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, म्हणजे पुढेमागे कोट सैल करता येतो, तेही मी ठेवलं नाही. ताठ झालेला माणूस पुन्हा कशाला वाकेल?

परवा अक्काने बायकोच्या फोनवर तुमचा फोटो पाठवला. कुंडीला पाणी घालताना. फोटोत तुमची पाठ होती तशीच वाकलेली होती. लगेच दुकानात जाऊन कोट इस्त्रीवाल्याच्या अंगावर चढवला, कारण त्याची पाठ बरीचशी तुमच्यासारखी आहे. कॉलर मानेपासून चार बोटं सुटून उभी राहिली, मागची किनार वर चढली आणि पुढचा भाग पडद्यासारखा लोंबला. तो आरशात बघून म्हणाला, "मास्तर, हा कोट माझ्या अंगात नाही, मीच ह्याच्याकडे पाहुणा आलोय." मी तसाच बाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि शांतपणे विचारलं, मी तुम्हाला ताठ उभं राहा असं कधी सांगितलं? आठवून पाहिलं. एकदाही नाही.

मालकांनी कोट हँगरवर पाहिला आहे. कापणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हात परत आला. शनिवारी अंगावर बघू." ते समारंभाला येणार आहेत. तुमच्या कचेरीच्या पहारेकऱ्यांचे कोट आमच्याकडे यावेत अशी त्यांची इच्छा आहे, आणि तुमच्या साहेबांना ते नमुना म्हणून तुमची पाठ दाखवणार आहेत. टेबलाचा निकाल त्या पाठीवर लागेल. कापड तेवढंच होतं, दुसरा कोट होत नाही.

असो. कोट सोबत पाठवत आहे. घालून पाहा. अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा

ता. क. शनिवारी चार ते सहा एवढं ताठ उभं राहता येईल का? हार घालायला ठेंगणा माणूस आला तर वाकू नये, त्याला स्टूल द्यावं. भाषण कागदावरून वाचू नये. चहा बशीत ओतू नये, कप तोंडाकडे आणावा. कुणाच्या पाया पडू नये. तुम्ही आता वयाने तिथे मोठेच आहात. मालक मागे उभे राहिले तर बोलत राहावं आणि वळू नये.

ता. क. २. पत्र बायकोने वाचलं. ती म्हणाली, चौतीस वर्षं वाकलेल्या माणसाला स्वतःच्या टेबलासाठी ताठ करताय, निदान त्याला दुखतं का ते तरी विचारा. मला लाज वाटली. मापाच्या दिवशीही मी विचारलं नव्हतं. दाजी, दुखतं का? दुखत असेल तर वरचं सगळं विसरा आणि आहात तसेच उभे राहा. कापणारा चुकला, घालणारा नाही, हे मी मालकांना सगळ्यांदेखत सांगेन. काजं मला करता येतात.

ता. क. ३. कोट आणणारा आमचा इस्त्रीवालाच आहे, उत्तर त्याच्याजवळच द्यावं. मात्र ते अक्काने लिहावं, तुम्ही लिहू नये. तुम्ही 'दुखत नाही' असंच लिहाल, आणि मला ते खरं मानावंसं वाटेल.