मुदतवाढीच्या पत्रावर कुंकू

२३ ऑक्टो. २००३
आबांनी आज उजव्या हाताने पेला धरला. निम्मा चहा लुंगीवर, पण धरला. सोपानचा फोन आला होता, "अक्का, आबाच्या अंगावरून वारं गेलं," तेव्हा वाटलं होतं की तोंडसुद्धा बघायला मिळणार नाही. मनूला तिच्या बाबापाशी, दि.पाशी सोडून निघाले. तीन वर्षांचं लेकरू, विमानतळावर माझ्या पर्सचा पट्टा सोडेना. दि. म्हणत होता, नवं ग्रीन कार्ड हातात येऊ दे, जुन्याची मुदत संपली आहे. मी म्हटलं, मुदतवाढीचं पत्र आहे ना. आहेच. येताना कुणी हटकलं नाही.

माय विचारत होती, "त्या पाकिटात काय सारखं हात घालून राहिली?" दाखवलं. हे कार्ड, हे संपलंय. हा कागद आहे म्हणून ते चालतं. "अन् ह्यो गेला तर?" मी हसून म्हटलं, तर मनू तिकडं आणि मी इथं तुझ्या मेंढ्यांमागं. माय हसली नाही. पदराला हात पुसून मग कागद हातात घेतला.

२५ ऑक्टो. लक्ष्मीपूजन
मनूशी बोलायला जवळा बाजारला गेले होते. एसटीडीत ही गर्दी, दिवाळीची. मनू म्हणाली, तू कुठल्या खोलीत आहेस?

घरी आले तोवर मायने पूजा मांडून उरकलेली. झाडणी, आबांची लोकर कातरायची कातर, सोपानचं बँकेचं पुस्तक आणि कातरीला खेटून माझा पासपोर्ट. वर हळदी-कुंकवाची बोटं. मला हसू आलं. म्हटलं, माय, त्याला अगरबत्ती तरी नको ओवाळूस, पेटेल. "ओवाळली की," म्हणाली. ओढणीने वरचं कुंकू पुसलं आणि पर्समध्ये टाकला. दि.ला सांगायला गंमत झाली.

२६ ऑक्टो. पाडवा
मेंढ्या रंगवल्या, पळवल्या. आबा बाजेवर बसून सोपानला शिव्या देत होते, कळपाला नीट वळवत नाही म्हणून. शिव्या स्पष्ट येतात आता. मी इथून निर्धास्त जाऊ शकते.

३० ऑक्टो.
निघाले. सगळी गल्ली दारात. मायने ओटी भरली, हातावर दही दिलं. म्हाताऱ्या आत्याबाई रडल्या, ज्या मला गेल्या खेपेला "अमेरिकावाली" म्हणून टोमणे मारत होत्या. आबा सगळ्यांना सांगत होते, "परवाच्या दिशी पोरगी इमानातून उतरंल." सोपान परभणीपर्यंत आला. गाडी सुटताना मला खरं तर हलकं वाटत होतं. मनूचा फ्रॉक वर काढून ठेवला, उतरल्या उतरल्या द्यायला.

३१ ऑक्टो. मुंबई
लिहवत नाही.

पासपोर्ट दिला, कार्ड दिलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, कार्डाची मुदत संपलीय. मी म्हटलं, पत्र आत आहे. जरा ऐटीतच म्हटलं, इंग्रजीत, की मुदत वाढवून दिलेली असते, तुम्हाला माहीत असेलच. त्याने पत्राची घडी उघडायला घेतली तर उघडेना. चिकटलेली. सोडवली तर करकर वाजून सुटली. आत ओलं लावलेलं हळदकुंकू. घडी घालून वाळलेलं. जिथे तारीख आणि शिक्का, बरोबर तिथेच. निम्मी शाई कागदाच्या दुसऱ्या अंगाला चिकटून आलेली.

मायने नुसत्या पासपोर्टाची पूजा केली नव्हती. आतल्या पत्राची केली होती. वरचं पुसताना आत उघडून बघायला मला काय झालं होतं?

मुलाने कुणाला तरी बोलावलं, त्याने आणखी कुणाला. तारीख वाचता येत नाही, खाडाखोड असू शकते, तिकडे उतरू दिलं नाही तर जबाबदारी आमची. मागे रांग. मागची बाई ट्रॉली माझ्या पायावर घालत होती. मी त्या मुलाला मराठीत म्हटलं, "अहो, माझी आई खेड्यातली आहे. अडाणी आहे हो. तिला काय कळतंय, कागदाची पूजा घातली तिने."

तो खाली बघून म्हणाला, "आमच्याकडेही घालतात, ताई. पण मला नाही सोडता येणार."

कान अजून गरम आहेत. अडवलं म्हणून तर आहेतच. पण त्या वाक्याने जास्त. स्वतःला वाचवायला पहिली हाताशी आली ती माय.

१ नोव्हें. परभणी स्टँड
सकाळपासून इथेच. जवळ्याच्या गाड्या लागतात, सुटतात. मी खांबाआड बसले आहे. ओळखीचं कुणी दिसलं की पेपर तोंडापुढे. पुड्याचा कागद आहे खरं तर, पेपरही नाही. दही खाऊन, नारळ घेऊन गेलेली बाई बॅगा ओढत परत कशी जाणार. नांदेडला मैत्रिणीकडे जावं का? तिलाही काय सांगू?

नंतर: घरी आले. आबांनी बघितलं आणि त्यांचं तोंड पुन्हा वाकडं झाल्यासारखं वाटलं मला. सुचलं ते बोलले. विमान रद्द झालं. "काहून?" बिघडलं. माय म्हणाली, "बरं झालं बाई, खालीच बिघडलं." लगेच भाकरी टाकायला बसली.

३ नोव्हें.
माझं विमान आता गावभर बिघडत चाललं आहे. आबा सांगतात इंजन, सोपान सांगतो टायर. आत्याबाई म्हणाल्या, पंख निखळला म्हणं. मी मान डोलावते. यापेक्षा नापसंत पडून परत आलेली नवरी बरी, तिला निदान खोटं बोलावं लागत नाही.

दि.ला फोन. चिडला. मग म्हणाला मुंबईच्या वकिलातीत वेळ घे, तिथून प्रवासाचा काहीतरी कागद देतात, मी माझ्याकडच्या नकला पाठवतो. देतीलच असं नाही. मनूला फोन दिला तर ती बोलली नाही. दि. म्हणाला, रुसलीय. मला श्वास ऐकू येत होता तिचा.

६ नोव्हें.
मायला कळलं. माझे कपडे उन्हात टाकायला तिने बॅग उपसली, पत्र हातात आलं. वाचता येत नाही तिला, पण आपल्या हातचं कुंकू ओळखू येतं.

"ह्ये असं पसरलं काहून?"
मी म्हटलं, असू दे.
"ह्याच्यामुळं तुला फिरवलं का गं?"
नाही म्हटलं. विमान बिघडलं होतं.
"तुह्या बापाला सांग इमान. मला नको सांगू."

मग कागद मांडीवर घेऊन बसली. म्हणाली, "तूच म्हणलीस ना, सगळं ह्याच्यावर हाय म्हणून. मंग म्या ह्यालाच लावलं. कार्डाला न्हाई लावलं, त्ये मेलेलं म्हणलीस म्हणून."

चूल पेटवली मीच. ती जेवली नाही.

७ नोव्हें.
सकाळी हापशावर सगळ्या बायांसमोर मायने सांगून टाकलं, "इमानाला काय बी झालं न्हाई. म्या कागद नासवला." मी कळशी घेऊन मागेच होते. आत्याबाईंनी माझ्या आधी तिची घागर भरून दिली.

माझ्या डोक्यावरचं ओझं गेलं म्हणायचं. गेलं नाही. माझ्या वाटचं खरंही तीच बोलली, आणि मी तिच्यामागे कळशी घेऊन उभी. आबा दुपारभर माझ्याशी बोलले नाहीत. खोटं बोलले म्हणून की खोटं पसरवायला त्यांना लावलं म्हणून, माहीत नाही. दोन्ही असेल.

१२ नोव्हें. मुंबई
माय आलीच. "म्या सांगते सायबाला, म्या लावलं म्हणून." किती समजावलं. आत सोडत नाहीत, तुला उन्हात उभं राहावं लागेल. "ऱ्हाईन." रेल्वेत रात्रभर मनात जुळवत होती. एकदा विचारलं, सायबाला राम राम म्हणायचं का नमस्कार.

तिला बाहेर फूटपाथवरच थांबवलं पहारेकऱ्याने. मी आत. खिडकीपलीकडे गोरी बाई. दि.ने पाठवलेल्या नकला बघितल्या, मग मूळ पत्र उजेडाला धरलं. हे लाल काय आहे? इथे कसं आलं?

मी म्हटलं, माझ्या आईने लावलंय. आमच्या घरी ज्याच्यावर सगळं अवलंबून असतं, त्याची पूजा करतात. मी नीट पोचावं म्हणून तिने केली. ती बाहेर उभी आहे, हवं तर विचारा.

बाईने विचारलं नाही. काहीतरी लिहिलं. तिकडून खात्री करून घ्यावी लागेल, फोन करू. हो नाही काही नाही. मी जवळ्याच्या एसटीडीचा नंबर दिला. तिने तो पुन्हा म्हणून बघितला.

बाहेर आले तर माय पदर डोक्यावर घेऊन होती तिथेच. "बलावलं का मला?" नाही म्हटलं. तिचं तोंड उतरलं. एवढं जुळवून आणलेलं.

१७ नोव्हें.
फोन नाही. आम्ही दोघी रोज जवळ्याला येतो, एसटीडीच्या बाकावर बसतो. आज बाजार आहे. मायने भुईमुगाच्या शेंगा घेतल्या. एसटीडीवाले मामा फोन वाजला की आधी आमच्याकडे बघतात, मग उचलतात. सकाळी दि.ला लावला होता. मनू बोलली आज. "तू हरवलीस का?" म्हणाली.

माय शेंगा फोडता फोडता एकदम म्हणाली, "पहिल्या बारीला त्या इमानवाल्या पोरानं पुसलं आसंल ना, कुंकू कोनं लावलं म्हणून?"
"पुसलं."
"माहं नाव घेतलंस का न्हाई?"
"घेतलं."
"बरं केलं. मला वाटलं, लाजून आपल्यावर घेतलंस का काय. माहं नाव सांगून लेकराकडं जाता येत आसंल तर धा बार सांग."

काय म्हणून नाव घेतलं, ते तिने विचारलं नाही. सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवत राहिली, आणि मी खात राहिले.