हायड्रोजनचा चौकोन

आबा,

तुम्ही गेलात त्याला नऊ वर्षं होतील. एवढ्या वर्षांत मनातल्या मनात तुमच्याशी खूप बोलले, भांडलेसुद्धा, पण एक गोष्ट काढायची हिंमत झाली नाही. आता अकरावीला हायड्रोजन शिकवायचा आठवडा आला आहे. दरवर्षी हा धडा मी फळ्याकडे तोंड करूनच शिकवते आणि मुलींना वाटतं, मॅडम रागावल्या. आमच्या धुळ्याच्या कॉलेजात जस्ताचे दाणे बरणीत भरून येतात. कुणाला काही कापावं लागत नाही, घासावं लागत नाही.

तुम्ही घासायचात. भडगावच्या शाळेत जस्त संपलं की नवीन कधी येईल याचा भरवसा नसायचा, म्हणून तुम्ही केळीच्या मळ्यांतून बॅटरीचे संपलेले सेल मागून आणायचात. स्वयंपाकघरात पोतं अंथरून बसायचं, सेलची डबी पत्र्याच्या कात्रीने उभी चिरायची, आतली काळी भुकटी झटकायची आणि जस्ताचा पत्रा राखेने घासून लख्ख करायचा. आई भाकरी थापता थापता ओरडते आहे, "तुमना हाऊ काया भुगा मन्हा पीठमा पडी ऱ्हायना!" आणि तुम्ही मान खाली घालून हसता आहात, "पोरेस्ले फटाका दखाडना शे." दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गात विज्ञानाचे सर बोलायचे आणि प्रयोग तुम्ही करायचात. परीक्षानळीत जस्त, त्यावर विरल आम्ल, मग बुडबुडे. नळीचं तोंड अंगठ्याने दाबून ठेवायचं, जळती काडी जवळ नेली की फट्! आम्ही सगळे किंचाळायचो. रंग नाही, वास नाही, सगळ्या मूलद्रव्यांत हलका, एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन, एवढाच त्याचा संसार. सर हे फळ्यावर लिहीत आणि तुम्ही, नववी नापास, शाळेचे प्रयोगशाळा परिचर, दाराशी उभे राहून ते माझ्याआधी पाठ करत होता.

तुमची निवृत्ती जवळ आली तेव्हा मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळेच्या भिंतीवर आवर्तसारणी काढायचं ठरवलं. तुम्ही म्हणालात, मी काढतो. मे महिन्याच्या सुट्टीत रोज सकाळी स्टुलावर चढायचात. दोऱ्याला गेरू लावून भिंतीवर ताणायचा आणि सोडायचा, की सरळ रेघ. एकशे अठरा चौकोन ऑइल पेंटने रंगवलेत आणि एकही वाकडा नव्हता. फक्त हायड्रोजन इतरांसारखा ओळीत नव्हता. तो तुम्ही डावीकडे लिथियमच्या डोक्यावर बसवला नाहीत, उजवीकडे फ्लोरीनच्या वरही नाही. सगळ्यांच्या वर, मधोमध, एकटा पिवळा चौकोन.

पुढच्या वर्षी विज्ञान दिनाला शाळेने मला पाहुणी म्हणून बोलावलं. नुकतीच धुळ्याला लागले होते. कॉलेजातली एक मैत्रीण सोबत आली. तिला मी सांगून ठेवलं होतं की वडील शाळेत असतात. ती शिक्षक समजली आणि मी समजू दिलं. तुम्ही चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होता, मला पाहून तुमचा चेहरा फुलला होता, आणि मी भिंतीकडे बघत होते. मैत्रिणीला हसू आलं. "हा हायड्रोजन असा हवेत काय लटकलाय?" मुख्याध्यापक त्या वर्षी नवे आलेले, आपलं नातं त्यांना ठाऊक नव्हतं; ते ओशाळले, म्हणाले, आमच्या परिचराने काढलंय, मॅडम, तुम्हीच सांगा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "चुकलंय. पहिल्या गणात हवा. मुलं चुकीचं शिकतील." मुख्याध्यापक तुमच्याकडे वळले, "अहो, असं काढायला तुम्हाला सांगितलं कुणी?" तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "कोणी नाही साहेब. माझ्याच मनानं काढलं."

दुपारी मैत्रिणीला आधीच्या बसने पाठवून मी घरी ताटावर बसले ती बोलणी खायची तयारी करूनच. तुम्ही एवढंच म्हणालात, "जेवी ले. बस निंघी जाई." दुसऱ्या दिवशी तुम्ही तो चौकोन भिंतीच्या रंगाने बुजवून डावीकडे काढलात, हे मला आईकडून कळलं. त्यानंतर आपण त्यावर कधीच बोललो नाही. निवृत्तीनंतर वर्षभरात तुम्ही गेलात आणि बोलायचं राहूनच गेलं.

मागच्या आठवड्यात जळगावला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. तीच मैत्रीण भेटली. ती फार पूर्वीच शिरपूरला गेली होती, त्यामुळे तुमचं काहीच तिला ठाऊक नाही. तज्ज्ञांनी पडद्यावर वेगवेगळ्या आवर्तसारण्या दाखवल्या. कुठे हायड्रोजन डावीकडे, कुठे दोन्हीकडे, आणि एकीत सगळ्यांच्या वर, मधोमध. म्हणाले, याच्या जागेवर अजून एकमत नाही. मैत्रिणीने मला कोपराने ढोसलं, "अगं, तुमच्या शाळेत होता ना अस्साच! त्या शिपायाला कसं गं कळलं असेल?" मी म्हणाले, "काय माहीत."

मला माहीत होतं, आबा. तुम्हालाही होतं. त्या मे महिन्यात मी परीक्षा देऊन घरी आले होते. तुम्ही शाळेचं पुस्तक उघडून ओट्यावर बसलात आणि हायड्रोजनवर बोट ठेवून विचारलंत, "ह्याले कोठे बसाडू?" मी नवं नवं शिकलेलं, तोंड थांबेना. म्हटलं, हा सोडियमसारखा एक इलेक्ट्रॉन देतो, म्हणून डावीकडचा. पण क्लोरीनसारखा एक घेतोही, म्हणून उजवीकडचा. आणि धड कुठलाच नाही, म्हणून काही लोक त्याला वेगळा ठेवतात, तुम्हीही तसाच ठेवा. तुम्ही पुस्तक मिटलंत. "मंग ऱ्हाऊ दे त्याले एकला, बठ्ठास्ना वर. पक्कं शे ना?" मी म्हणाले होते, "पक्कं, आबा."

मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा तुम्ही नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं असतंत तरी चाललं असतं. मला चाललं नसतं, हे तुम्ही ओळखलंत. त्या दिवशी मला तुमची लाज वाटली होती. हो, वाटली होती.

मैत्रिणीचा नंबर माझ्याकडे आहे. ते माझे वडील होते आणि त्यांना मीच सांगितलं होतं, एवढंच तिला सांगायचं आहे. तुम्हाला लिहिणं सोपं होतं, म्हणून आधी तुम्हाला लिहिलं. तिला फोन मी अजून केलेला नाही.