ताईला न विचारता विकलेली गाडी

अर्जुनी मोरगाव,
३ ऑगस्ट २०२४

प्रिय योगराज यास,
स. न. वि. वि.

साळ्याला एवढं लांब पत्र लिहिणारा जिल्ह्यात मी एकटाच असेन. पण ही सवय आपल्या घराला दुर्गाताईनं लावली. टपाल कमी झालं तर तिचं खेड्यातलं शाखा डाकघर बंद होईल, या धास्तीनं तिनं सगळ्या गोतावळ्याला पत्रं लिहायला लावली. आता ती स्वतः नागपुरात शामकलामावशीकडे अंथरुणावर आहे, तरी आपले हात काही थांबत नाहीत. शिवाय हा विषय फोनवर बोलण्यासारखा नाही.

मी तिची स्कूटर विकायला काढली आहे. मे महिन्यात मोरीत पडून तिचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टर म्हणाले की पाय आधीच लहानपणच्या पोलिओचा, त्यात हे, आता आधाराशिवाय उभं राहणं कठीण. मग मागे दोन जास्तीची चाकं लावलेली ती गाडी पडवीत ठेवून करायचं काय? संध्याला धानाच्या पोत्यांसाठी जागा हवी आहे. आणि खरं सांगायचं तर रोज सकाळी ती गाडी दिसली की माझा जीव खालीवर होतो.

पण जुनी गाडी विकण्यापेक्षा पोरीचं लग्न जमवणं सोपं. मोबाईलवर फोटो टाकले तेव्हापासून फोनला उसंत नाही. गोंदियाच्या एकानं गाडी न बघता अर्ध्या किमतीत मागितली. मी नाही म्हणालो तर दुसऱ्या दिवशी त्याहून कमी सांगितली, म्हणे मार्केट डाऊन है. एकाला गाडी हवी पण मागची चाकं काढून, आणि काढायचा खर्च माझा. बाजूच्या गावचा एक जण बायकोला घेऊन आला, चहा-पोहे झाले, एक फेरी मारून बघतो म्हणाला आणि दोघं थेट प्रतापगडला दर्शन घेऊन संध्याकाळी परतली. टाकी कोरडी. वर सांगून गेला की गाडी मस्त आहे, पण मिसेसला रंग पसंत नाही.

परवा एक जण आला तो हसत हसत विचारायला लागला, लंगडीची गाडी आहे का म्हणून. त्याला अंगणातून हाकलून द्यायला हवं होतं. मी किंमत सांगत उभा राहिलो. ते काही केल्या मनातून जात नाही.

तुझ्या सालेकसा भागात कोणाला खरी गरज असेल तर बघ. आरसी बुक ताईच्या नावावर आहे. तिला मी सांगितलेलं नाही. जरा बरी झाली की सांगेन, तोवर तूही बोलू नकोस.

संध्या बरी आहे, तुझी आठवण काढते. लोभ आहे तो राहू दे.

तुझा भाऊजी,
हेमेंद्र


सालेकसा,
१९ ऑगस्ट २०२४

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

गिऱ्हाईक मिळालं. बुधराम नावाचा माणूस आहे, माझ्या दुकानात वर्षानुवर्षं येणारा. जंगलातल्या गावात थोडं धान पिकवतो, उन्हाळ्यात तेंदूपत्ता अन् मोहफुलं. त्याची पोरगी मंगली यंदा कॉलेजात गेली. तिचाही पाय ताईसारखाच. बाप रोज सायकलवर बसवून आणतो आणि सुटेपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसून राहतो. त्याचं तिकडं शेत पडून राहिलं आहे.

फोटो दाखवले तर त्यानं घासाघीस केली नाही. एकच गोष्ट विचारली, जिची गाडी आहे त्या बाईनं काऊन विकाले काढली? मी म्हटलं, तिला आता लागत नाही. बरोबर सांगितलं ना मी? भाऊजी, लहान तोंडी मोठा घास घेतो, पण ताईला विचारून घ्या. ती काही तुमची पाहुणी नाही, तिच्या कमाईची गाडी आहे.

रविवारी आम्ही टेम्पो घेऊन येतो. तिच्या सह्या तेवढ्या तयार ठेवा. ताईला नमस्कार सांगा म्हणून लिहिणार होतो, पण आता कसा लिहू?

आशीर्वाद असू द्यावा.
योगराज


नागपूर,
२८ ऑगस्ट २०२४

चि. हेमेंद्र यास,
अनेक आशीर्वाद.

दोन पत्रांना उत्तर नाही. डाकपालाच्या भावानं असं वागावं का? संध्याच्या हातात पेन दे, ती निदान खुशाली तरी कळवेल.

आता बातमी ऐक. काल मी वॉकर सोडला. गॅलरीच्या कठड्याला एक हात लावून टोकापर्यंत गेले आणि परत आले. व्यायाम घ्यायला येते ती मुलगी रडायला लागली, मीच तिला पाणी दिलं. आज डॉक्टरांकडे गेलो तर ते म्हणाले, बाई, माझा अंदाज चुकला. डॉक्टर स्वतः चूक कबूल करतो म्हणून मावशीनं पेढे वाटले. दिवाळीनंतर मी गावी येऊ शकते आणि गाडीही चालवू शकते, असं त्यांचं मत आहे.

तेव्हा गाडी रोज सकाळी थोडा वेळ सुरू करत जा, नाहीतर बॅटरी बसेल. सीटवर कोंबड्या बसू देऊ नकोस. तू हसशील, पण रात्री झोप येत नाही तेव्हा मी मनातल्या मनात घरापासून डाकघरापर्यंत गाडी चालवते, तलावाच्या पाळीवरचा खड्डासुद्धा चुकवते.

तुला आठवत असेल, गाडी नव्हती तेव्हा मला प्रत्येक ठिकाणी कोणीतरी न्यायचं. ज्याला वेळ असेल तो, त्याला वेळ असेल तेव्हा. तुम्ही कुणी कधी तोंड वाकडं केलं नाहीत, तरी मीच शंभर गोष्टी मनात मारल्या. गाडी नसली तर मी उंबरठ्यापर्यंतची बाई आहे. तेवढी ती सांभाळ, बाकी काही मागत नाही.

संध्याला आशीर्वाद. तुझी माया अशीच असू दे.

तुझी ताई


अर्जुनी मोरगाव,
५ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून घरात आनंदीआनंद झाला. उत्तराला उशीर झाला याची माफी असावी. धानाला खत टाकायचे दिवस, आपल्या दुकानात गर्दी, दुसरं काही कारण नाही.

गाडी उत्तम आहे. रोज सकाळी सुरू करतो. आवाज अगदी पहिल्यासारखा. पावसाचं पाणी उडू नये म्हणून वर ताडपत्री टाकली आहे. पोळ्याच्या दिवशी बैलांची पूजा झाल्यावर संध्यानं तुझ्या गाडीलाही हळदकुंकू लावलं. तेव्हा गाडीची चिंता सोड आणि तब्येतीकडे लक्ष दे. घाई मात्र करू नकोस. दिवाळीनंतर म्हणालीस, पण थंडीत दुखणं वाढतं, संक्रांतीपर्यंत राहिलीस तरी इथलं काही अडत नाही.

लोभ असावा ही विनंती.

तुझा,
हेमेंद्र


सालेकसा,
३० सप्टेंबर २०२४

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

बुधराम तीनदा दुकानात येऊन गेला. सह्यांचे कागद मागून पाठवतो म्हणून तुम्ही गाडी दिलीत, ते अजून आले नाहीत, आणि तुम्ही त्याचा फोन उचलत नाही म्हणतो.

मागच्या आठवड्यात रस्त्यावर तपासणी होती. मंगलीला कागद विचारले. आरसी बुकावर नाव दुर्गा, पोरीच्या ओळखपत्रावर मंगली. गाडी कोणाची, कुठून आणली, असं चार माणसांत विचारलं. चोरीची तर नाही ना, असंही कोणी बोललं. तेव्हापासून ती कॉलेजात गाडी नेत नाही. बाप पुन्हा सायकल काढून राहिला. गाडी अंगणात उभी आहे, तुमच्या पडवीत होती तशीच.

मग मला राहवलं नाही. मी बुधरामला खरं सांगितलं की बाईला माहीतच नाही. तो म्हणाला, तिले पाहिजे असन तं टेम्पो मी करतो, गाडी घेऊन जा, कोनाची हाय घेऊन पोरीले त्याच्यावर बसवाचा नाही मी. पैसे कधी परत देता हेसुद्धा त्यानं विचारलं नाही.

भाऊजी, तुम्ही मला मोठे आहात. पण कायले एवढं लपवून राहिले? मला शिव्या द्या, चालेल. ताईला लिहा.

योगराज


अर्जुनी मोरगाव,
६ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी गाडी इथे नाही. ऑगस्टमध्ये मी ती विकली. सालेकशाजवळच्या एका मुलीकडे आहे, मंगली तिचं नाव, तुझ्यासारखाच पाय, कॉलेजात जाते. कागद तुझ्या नावावर राहिले म्हणून रस्त्यावरच्या तपासणीत तिला चोरीची गाडी का, असं चार माणसांत ऐकावं लागलं. मागच्या पत्रात लिहिलेलं सगळं खोटं होतं. संध्यानं हळदकुंकू लावलं नाही. ते मी लिहिलं, तिला ठाऊकसुद्धा नाही.

जागा नव्हती, गाडी गंजत होती, डॉक्टर तसं म्हणाले होते, ही सगळी कारणं मी स्वतःला सांगून पाहिली. त्यांच्या खाली एक वेगळंच होतं, ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. तू रोज सायंकाळी परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला असायचा. तलावाच्या पाळीवर दिवा दिसला की मी आत जायचो, तुला कळू नये म्हणून. तू पडलीस तेव्हा वाईट वाटलंच, पण आता ही घरातच राहील, आता रोजची ती वाट पाहणं संपलं, असंही मनात आलं. तुझा पाय मोडला आणि मला कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं, ताई. एवढा हलका माणूस तुझा भाऊ आहे.

मुलीच्या बापाला हे कळलं तेव्हा तो गाडी परत द्यायला निघाला. मी त्याला थांब म्हटलं. निदान या वेळी तरी तुला विचारायचं. नावबदलाचा कागद सोबत ठेवला आहे. सही केलीस तर गाडी त्या मुलीची, फाडलास तर मी स्वतः जाऊन परत आणीन.

लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही.

हेमेंद्र


नागपूर,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. हेमेंद्र,

कागदावर सह्या केल्या आहेत. तो टपालानं पाठवू नकोस. स्वतः सालेकशाला जा, त्या मुलीच्या हातात दे आणि गाडी तुम्ही चोरीची घेतली नव्हती, चोरी माझ्या हातून झाली होती, हे तिच्या बापासमोर सांग. त्या माणसानं मला न पाहता माझा विचार केला.

मुलीला सांग, उतारावर गाडी जराशी डावीकडे ओढते, हॅन्डल आधीच धरून ठेवावं. पावसात मागची चाकं चिखलात रुततात, तेव्हा घाबरून रेस वाढवू नये. चढावर थांबायची वेळ आली तर आधी दोन्ही ब्रेक.

आता तुझ्याविषयी. गाडी गेल्याचं मी सोसेन. मी आता कधी उठणार नाही, असं तू धरून चाललास, ते मला सोसवत नाही. डॉक्टर निदान पाय तपासून बोलले होते, आणि चुकले तर तसं सांगायची लाज त्यांना वाटली नाही. तू तपासलं नाहीस, विचारलं नाहीस, माझी आवराआवर करून मोकळा झालास. आणि पोळ्याचं ते हळदकुंकू मी मावशीला वाचून दाखवलं होतं. दोनदा. बघ, म्हटलं, माझा भाऊ कसा आहे.

काळजी तुला वाटायची हे खरं असेल. पण तुझी काळजी मिटावी म्हणून मी घरात बसायचं, हा कुठला न्याय?

दिवाळीनंतर येईन. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस.

दुर्गा


अर्जुनी मोरगाव,
२५ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मधल्या भिंतीपलीकडे तू आहेस आणि मी हे पत्र लिहितो आहे. उद्या तुझ्याच डाकघराच्या पेटीत टाकीन, म्हणजे तुला हातात घ्यावंच लागेल.

सालेकशाला जाऊन तू सांगितलं होतंस ते सगळं बोललो. बुधराम माझ्याकडे न पाहता ऐकत होता. मंगलीनं तुझ्या सूचना पाठ केल्या आणि तुला नमस्कार सांगितला. गाडी आता तिच्या नावावर आहे.

तू आलीस त्याला तीन आठवडे होत आले. मी जेवायला समोर बसलो की तू पाण्याच्या निमित्तानं उठतेस. तुला उठायला किती त्रास होतो ते मला दिसतं, आणि तरी तू उठतेस. सकाळी मी मोटारसायकल काढून उभा असतो, तू शेजारून काठी टेकत ऑटोच्या थांब्यावर जातेस. मला बोल, मार, वाटेल ते कर. नाहीतर सांग, मी काय करू?

हेमेंद्र


शाखा डाकघर,
२७ नोव्हेंबर २०२४

चि. हेमेंद्र यास,
आशीर्वाद.

तुझ्या पत्रावर मीच शिक्का मारला.

परवा सुट्टी घेऊन मी गोंदियाला गेले होते, संध्याला माहीत आहे. एक जुनी स्कूटर पाहिली. मालकानं पहिल्यांदा सांगितलेली किंमत ऐकून मी पर्स बंद केली, दुसरी ऐकून उघडली. मिस्त्री मागची चाकं बसवतो आहे, रविवारी गाडी दारात येईल.

डॉक्टरांची एक अट आहे. पहिला महिनाभर मागे कोणीतरी बसायचं. संध्या तयार होती, मी तिला नको म्हटलं. तू बसायचंस. रोज सकाळी घरापासून डाकघरापर्यंत, सायंकाळी परत. दुकान तेवढा वेळ संध्या बघेल. रस्त्यात ब्रेक लाव, हळू घे, खड्डा आहे, यातलं एक अक्षर बोलायचं नाही. काळजी वाटली तर डोळे मिटून घे.

राग गेला असं समजू नकोस. तो जाईल तेव्हा कळवीन. तोवर मागे घट्ट धरून बस. पडलो तर दोघंही पडू.

तुझी ताई