तू सभेत काय बोलायचीस

अम्मा, तू ग्रामपंचायतीची मेंबर होतीस, महिन्याच्या सभेला जायचीस, आणि तिथे तू काय बोलायचीस हे मला ठाऊक नाही. इतकी वर्षं हा प्रश्न मला पडलाही नव्हता. तो पडला इथे सौदीत, अल खर्जच्या डेअरीत, एका आयरिश बाईमुळे. तिला मी कधी भेटलेलो नाही. तिचा धाकटा भाऊ आमच्याकडे गुरांचा डॉक्टर आहे. सगळे त्याला डॉक्टरसाब म्हणतात, मीही. माझ्याच वयाचा, उन्हानं कायमचा लाल झालेला माणूस. त्याचं ऑफिस आणि माझी दुधाच्या टाक्यांची खोली यांच्यात एकच भिंत, म्हणून दुपारचा चहा आम्ही बरोबर घेतो. बाहेर गाई फवाऱ्यांखाली उभ्या असतात, माझे कॉम्प्रेसर घुमत असतात, आणि तो मोबाईल कपाला टेकवून काहीतरी बघत असतो. मला वाटायचं फुटबॉल असेल. एकदा डोकावलो तर एक बाई उभी राहून बोलत होती. हातात कागद, मागची बाकं जवळजवळ रिकामी.

"कोण ही?" मी विचारलं.

"बहीण. आमच्या सिनेटमध्ये असते. आज पुन्हा दवाखान्यावर बोलतेय."

"मग होतं का काही?"

"मंत्री येतो, उत्तर देतो. म्हणतो, मुद्दा लक्षात घेतला आहे."

"आणि दवाखाना?"

"अर्धा बंद आहे." त्यानं खांदे उडवले. "पुढच्या महिन्यात ती पुन्हा बोलेल."

मला गंमत वाटली. मी विचारत गेलो, तो सांगत गेला. त्यांच्याकडे दोन सभागृहं. हे वरचं. त्यातल्या बहुतेकांना लोक थेट निवडत नाहीत, नगरसेवक आणि खासदार निवडतात. म्हणजे थोडंफार आपल्या विधान परिषदेसारखं. मध्यंतरी हे सभागृह बंदच करा, कशाला हवं, असं म्हणणारेही होते. लोकांनी मतदान करून ते राहू दिलं. पण मला सगळ्यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मी म्हटलं, बोललेलं हे सगळं जातं कुठे? त्यानं सरकारी वेबसाईट उघडून मोबाईल माझ्या हातात दिला. तिचा प्रत्येक शब्द टाईप केलेला. भाड्याच्या घरांवर बोलली ते, गावची पोस्टं बंद झाली त्यावर बोलली ते, दुधाच्या भावावर, म्हाताऱ्यांच्या बसवर, बाहेरून येणाऱ्या नर्सेसच्या कागदपत्रांवर. मध्येच कुणी बोललं असेल तर कंसात 'व्यत्यय' असंसुद्धा लिहिलेलं. म्हणजे कुणी काय बडबडलं ते नसेल, पण कुणीतरी बडबडलं याचीही नोंद.

त्यानंतर शुक्रवारी सुट्टीला, कॅम्पातल्या माझ्या कॉटवर आडवा पडून मी तिची भाषणं वाचायला लागलो. इंग्रजी वाचताना मी अजून ओठ हलवतो, तुला माहीत आहेच. खोलीतला बिहारी सोबती विचारतो, "क्या पढ़ रहे हो, इक़ामे का कुछ नया आया क्या?" मी म्हणतो, नाही, राहण्याच्या परवान्याचं काही नाही, आयर्लंडची पार्लमेंट. तो माझ्याकडे बघतो आणि कूस बदलतो. पण मला त्या बाईची सवय लागली होती. ती चिडते कशी हे मला कळायला लागलं. चिडली की तिची वाक्यं आखूड होतात. दवाखान्याचा विषय निघाला की ती एका म्हाताऱ्या शेजारणीला मध्ये आणते, आणि ती शेजारीण दर भाषणात थोडी आणखी आजारी असते.

एका शुक्रवारी मला एक परिच्छेद सापडला. देश सोडून जाणाऱ्या तरुण मुलांवर चर्चा चालली होती. घरं परवडत नाहीत म्हणून पोरं ऑस्ट्रेलियाला जातात वगैरे ती बोलत होती, आणि मग म्हणाली की माझा स्वतःचा भाऊ वाळवंटात दुसऱ्यांच्या गाई सांभाळतो आणि आमच्या घरच्या गोठ्याला कुलूप आहे. मी उठून बसलो. दुसऱ्या दिवशी चहाला ते डॉक्टरसाबच्या पुढे धरलं. त्यानं चष्मा चढवून वाचलं, मग चष्मा काढून पुन्हा वाचलं.

"हे तिनं मला कधी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"सगळ्या देशाला सांगितलं."

तो हसला. "कुलूप मीच लावलं होतं," एवढंच म्हणाला, आणि "यल्ला" म्हणत गोठ्याकडे निघाला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, बहिणीला फोन केला का. केला होता. "म्हटलं, मला रेकॉर्डवर आणायच्या आधी विचारत जा. ती म्हणाली, तू फोन उचलत जा."

तेव्हा मला तू आठवलीस, अम्मा. ज्या खोलीत आपण नसतो तिथे आपली माणसं आपल्याबद्दल काय बोलतात? मी इथे आलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी आपली जागा बायकांसाठी राखीव झाली, अब्बांनी तुझा फॉर्म भरला आणि तू निवडून आलीस. हे मला पत्रातून कळलं होतं. एका छुट्टीत आलो तेव्हाचं मात्र डोळ्यांसमोर आहे. तू चुलीपाशी बसली आहेस, तांदळाच्या भाकऱ्या थापते आहेस, शिपाई सभेची नोटीस देऊन जातो, तू पिठाच्या हातानंच ती घेतेस आणि डब्याखाली सरकवतेस. दुपारी बुरखा चढवून, मी आणलेली काळी पर्स घेऊन तू पाखाडीच्या पायऱ्या चढून ऑफिसकडे जातेस आणि मी तुझ्याबरोबर येतो. तू आत जातेस. मी बाहेर फणसाखाली थांबतो आणि कान देतो. पंख्याची खरखर, पुरुषांचे आवाज, कुणाचं तरी खोकणं. तुझा आवाज येत नाही. परत येताना मी विचारतो, "काय बोललीस?" तू म्हणतेस, "तुला कशाला नसती पंचायत?" आणि मग आपण काय बोललो हे ध्यानात येऊन पायरीवरच थांबतेस आणि तोंडावर हात धरून हसतेस. मीही हसतो. त्या हसण्यात माझा प्रश्न राहून गेला.

आता मी चौकशी सुरू केली. आधी आपाला फोन लावला, मोठी बहीण म्हणून तिला तरी ठाऊक असेल. आपा म्हणाली, "अम्मा कुठली बोलते? सही करून यायची. अब्बा सांगायचे तसं." आपा असं ठामपणे बोलते तेव्हा तिला नक्की माहीत नसतं, म्हणून मी पुढे गेलो. तुझ्या वेळचे ग्रामसेवक, आपले भाऊसाहेब, आता चिपळूणला असतात. त्यांचा नंबर मिळवला. ओळख पटायला वेळ लागला, पण पटल्यावर खूश झाले. मी सरळ विचारलं, इतिवृत्तात माझ्या आईचं बोलणं सापडेल का?

"अहो, इतिवृत्तात ठराव असतो," ते म्हणाले. "सूचक, अनुमोदक, चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर. कोण काय बोललं ते लिहीत बसलो असतो तर रजिस्टरं पुरली नसती."

"पण बोलायची का ती?"

"बोलायच्या की! पहिली दोन वर्षं नाही. नंतर एकदा सुरू झाल्या त्या झाल्या. आम्हालाच आवरायला लागायचं."

"काय बोलायची?"

"ते आता... पाणी, पाखाडी, शाळेचं छप्पर. शब्द कसे आठवणार हो? तुम्ही वरच्या वाडीच्या मेंबरबाईंना विचारा. दोघी शेजारी बसायच्या."

त्या काकूंना आता कमी ऐकू येतं. त्यांच्या सुनेनं फोन स्पीकरवर टाकला आणि मी कोण ते ओरडून सांगितलं. मग काकूंनी सांगायला घेतलं. विहिरीचा गाळ काढायचा होता, श्रमदानानं, घरटी एक माणूस. एका मेंबरनं सूचना मांडली की ज्यांची माणसं बाहेरगावी, आखातात आहेत, त्यांनी त्याऐवजी वर्गणी भरावी. त्या घरांत यायला माणूसच नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. तू उठलीस.

"बसून पण बोलता येतं," काकू म्हणाल्या. "पण ती उठली. पर्स टेबलावर ठेवली. बोलली, माझा पोरगा तिकडं वाळवंटात उंटाचं दूध थंड करतो. तो हितं नाय, म्हणून माझं घर बिनमाणसाचं नाय. माझ्या घरातून मी येते. मंग कोनतरी हसला, बोलला, बाईमाणूस विहिरीत उतरनार काय? तर तुजी आई काय बोलली? रोज पानी कोन काढतं?"

"मग?"

"मंग काय? आयतवारी आली ना घमेलं घेऊन. बुरख्याच्या बाह्या वर केलेल्या. तिला बघून आमी पन गेलो. पुरुष वर उभे ऱ्हायले, दोर धरून."

अम्मा, मी उंटाचं दूध थंड करत नाही. इथे गाई आहेत, हजारोंनी. तुझ्या डोक्यात उंट कुठून आला याचा मी विचार करतो आहे. रियाधच्या रस्त्यावर एकदा उंटाशेजारी उभा राहून काढलेला फोटो मी पाठवला होता, त्यावरून असेल. की तुला माहीत होतं, आणि गाईपेक्षा उंट सभेला जास्त पटेल असा तू हिशेब केलास? ती आयरिश बाई शेजारणीला दर वेळी थोडी आणखी आजारी करते, तसं? आणि बिनमाणसाचं घर हा शब्द तू तिथे उभ्या उभ्या शोधलास, की भाकऱ्या थापताना आधीच जुळवून ठेवला होतास? अब्बांना आधी सांगितलं होतंस का? मला वाटतं नसावं. त्या संध्याकाळी आपल्या घरात काय झालं असेल, हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही.

डॉक्टरसाबला मी हे सगळं सांगितलं. इंग्रजीत बिनमाणसाचं घर मला नीट सांगता येईना. दोनतीनदा सांगून पाहिल्यावर त्याला समजलं. कप खाली ठेवून त्यानं विचारलं, "याची नोंद कुठेच नाही?"

"नाही. 'चर्चा होऊन मंजूर' एवढंच."

"म्हणजे साक्षीदार एकच."

"एकच. तिलाही कमी ऐकू येतं."

त्यानं कप पुन्हा उचलला. मग म्हणाला की आपल्या बहिणीला हे ऐकवायला हवं. मी म्हटलं, ऐकव, पण तिनं भाषणात घातलं तर उंट काढून टाकायला सांग. त्यावर तो इतका हसला की बाहेरचा पाकिस्तानी मुकादम आत डोकावून गेला.

पूर्वी घरी जाणारा कुणी असला की त्याच्या हाती तुला पत्र द्यायचो. पाकीट डिंकानं चिकटवायचो, वर नाव घालायचो, आणि तो माणूस ते बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवतो की नाही हे उभा राहून बघायचो. परवाही आमच्या कॅम्पातला एकजण दापोलीला गेला. जाताना म्हणाला, काही द्यायचं आहे का? मी त्याच्याजवळ आपासाठी खजूर दिले. हे कागद उशीखालीच राहिले.

एक सांगायचं राहिलं. काकूंचं बोलणं संपलं तेव्हा मी म्हणालो, "काकू, आवाज तुटतोय, अम्मा काय बोलली ते पुन्हा सांगा." त्यांनी पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं, मध्ये थांबत थांबत, उंटासकट. मी म्हटलं, अजून तुटतोय. त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं.

आवाज तुटत नव्हता, अम्मा. पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आलं होतं.