बाळाच्या लिव्हरमधली गाठ

१० जुलै, गुरुवार
बाळाच्या लिव्हरमध्ये गाठ आहे! सातव्या महिन्याची सोनोग्राफी करताना डॉक्टरबाईंचा हात पोटावर एकाच जागी थांबला, तेव्हाच मी मान वळवून स्क्रीनकडे बघितलं. "रक्तवाहिन्यांची साधी गाठ वाटते. कॅन्सर वाटत नाही. पण वाढली तर हृदयावर ताण येईल. दर पंधरा दिवसांनी बघू." — 'वाटते' म्हणाल्या. 'आहे' नाही.
चाकणला कंपनीत पार्ट तपासताना संशय आला की मी तो बाजूला काढते, पिवळा टॅग लावते. इथे काय बाजूला काढू?

१३ जुलै, रविवार
सासूबाईंना सांगायचं नाही, असं मी आणि अजिंक्यने ठरवलं. त्यांना बीपी आहे म्हणून. — की माझी सोय म्हणून?
अजिंक्य पाळण्याचं बोलला तर त्या कडाडल्या — "न्हाई! बाळ हातात येईस्तवर त्याच्या नावानं टाचणीबी आणायची न्हाई." बरंच झालं, असं मनात आलं. मग स्वतःचीच भीती वाटली.

२४ जुलै
गाठ वाढली. हृदय ठीक.

२५ जुलै, शुक्रवार
सासूबाईंनी स्वयंपाकघरात गाठलं. "सारखं सारखं काय बघताय त्या मशिनीत? पोरगी हाय म्हून पाडायला निघालाय व्हय? आपल्या चिखलीत तोंड दाखवायला जागा ठेवा!"
मी? बेचाळिसाव्या वर्षी, इतकी वाट बघून — मी? रागाच्या भरात सगळं सांगून टाकलं. त्या माझ्या पोटाकडे बघत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या — "त्याला दुखत आसंल का गं?"
मी गाठीचं माप विचारलं, धोका विचारला. हे विचारलंच नाही.

७ ऑगस्ट
माप तेवढंच! सासूबाई सोबत आल्या होत्या. त्यांनी डॉक्टरांना विचारलंच. "नाही आजी, दुखत नसावं."

२१ ऑगस्ट, गुरुवार
हृदय मोठं दिसतंय. आता थांबायचं नाही — उद्या सकाळी सिझर. "बाहेर आलं की औषध नीट देता येईल." दिवस भरलेले नाहीत. आत बरं की बाहेर? पोटावर हात ठेवला. बाळाने लाथ मारली.

२३ ऑगस्ट
मुलगी. रडली! औषध सुरू झालंय.
काल तिला काचेच्या पेटीत ठेवायला नेताना सिस्टरनी मऊ कापड मागितलं. अजिंक्य गडबडला — आणलंच नव्हतं काही. सासूबाईंनी पिशवीतून दुपटं काढलं. नवं, हाताने शिवलेलं, धुतलेलं.
"आई, हे कधी शिवलंत?"
"तू गाठीचं सांगितलंस, त्याच दिशी."