तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

सान रोके, बुलाकान, फिलिपिन्स
१२ नोव्हेंबर १९९४

चि. मारिविक हिस,
तुझे आजोबा, लोलो अन्सेल्मो, यांचा हात तुझ्या कपाळी. देव तुझे भले करो.

पत्र व छायाचित्र पावले. पत्र वाचण्यास वेळ लागला, छायाचित्र वाचण्यास लागला नाही. तू शिकण्यासाठी गेली आहेस. मग कमरेला एप्रन आणि हातात ओली बशी कशासाठी? शिवाय तुझे गाल आत गेले आहेत. या गावाचे गाल मी आयुष्यभर साबण लावून हातात धरले आहेत. गालांच्या बाबतीत मला कोणी फसवू नये.

तुझी आई लिगाया म्हणते की, बाबा, तुम्हाला जिथेतिथे चोरच दिसतो. गावचे मुखिया कपितान तर दाढीच्या खुर्चीत बसून म्हणाले, अन्सेल्मोकाका, फादर आशीर्वाद द्यायला आले तरी तुम्ही आधी त्यांचे खिसे चाचपाल. मी वस्तरा थांबवला आणि त्यांचा अर्धा गळा अद्याप व्हायचा आहे, याची आठवण दिली.

पुढील सहामाहीसाठी पालकाची सही जानेवारीअखेर तिकडे पोहोचली पाहिजे, आणि कागदोपत्री पालक मी आहे. संशय फिटल्याखेरीज सही होणार नाही. तू राहतेस त्या जर्मन घरी तुला काय खाऊ घालतात, ते सविस्तर कळव.

लोभ आहेच, तो मागण्याची तुला गरज नाही.
तुझे लोलो,
अन्सेल्मो पंगानीबान

गॉस्लार, जर्मनी
२६ नोव्हेंबर १९९४

ती. लोलोंना,
तुमचा हात माझ्या कपाळाला लावते.

मी खुशाल आहे, जेवण भरपूर आहे, काळजी नसावी. बशा इथे सगळेच पुसतात. हार्टमुटकाका बँकेत साहेब आहेत, तेही एप्रन बांधतात. त्यांच्या एप्रनवर बदकं आहेत. त्यांची आई, म्हणजे ओमा, मला चिमणी म्हणते.

नाताळाआधी बैठकीच्या खोलीला कुलूप लावतात आणि मला आत जायची बंदी असणार, असं गुड्रुनकाकूंनी आत्ताच बजावलंय. आणि नाताळच्या आदल्या रात्री जेवायला काय, तर बटाट्याची कोशिंबीर आणि सॉसेज. मला आधी थट्टाच वाटली.

लोलो, सही करा ना. माझी जीभ आत्ता कुठे वळायला लागलीय. परवा वर्गात मी विनोद केला आणि सगळी मुलं हसली, मला नाही, विनोदाला. आत्ता परत आले तर सगळं अर्ध्यावर राहील.

रागवा हवं तर, पण माया कमी करू नका.
तुमची,
मारिविक

सान रोके
१० डिसेंबर १९९४

चि. मारिविक हिस आशीर्वाद.

'मी खुशाल आहे, जेवण भरपूर आहे, काळजी नसावी.' तुझी आई परमुलखात एका घरी कामाला होती, तेव्हा तिच्या प्रत्येक पत्रात हेच वाक्य असे. ती परत आली त्या दिवशी विमानतळावर मी तिच्या शेजारून पुढे निघून गेलो. मला माझी मुलगी ओळखू आली नाही. त्या घरी स्वयंपाकघराला कुलूप असे, एवढेच ती एकदा बोलली. तुझ्या घरी बैठकीच्या खोलीला आहे. कुलूप ते कुलूप.

ख्रिस्तजन्माच्या रात्री पाहुण्या मुलीपुढे बटाटे ठेवणारे लोक इतर रात्री काय ठेवत असतील? आपल्याकडे त्या रात्री ज्याच्या घराला छप्पर नाही, तोही पान्सितच्या शेवया रांधतो.

एका शब्दात उत्तर दे. तू उपाशी आहेस काय? उत्तर होकारार्थी असेल तर सहीऐवजी परतीच्या तिकिटाची व्यवस्था करीन.

लोभात उणे नाही, विश्वासात आहे.
तुझे लोलो

गॉस्लार
२६ डिसेंबर १९९४

ती. लोलोंना,
तुमचा हात माझ्या कपाळाला.

हो. उपाशी होते. पण आधी पुढचं वाचा.

गुड्रुनकाकू विचारायच्या, आणखी वाढू का? मी म्हणायची, नको, पोट भरलं. आणि त्यांनी पुन्हा विचारायची वाट बघत बसायची. त्या सरळ भांडं उचलून न्यायच्या. रोज. पहिल्या खेपेला हो म्हणणारं पोर उपाशी घरचं दिसतं, तिसऱ्यांदा विचारेपर्यंत थांबावं, हे तुम्हीच शिकवलंत. इथे दुसऱ्यांदासुद्धा कोणी विचारत नाही. यांना द्यायचंच नाही, असा मलाही संशय यायला लागला. नात तुमचीच.

परवा संध्याकाळी घंटा वाजली आणि ती खोली उघडली. आत झाड होतं, खऱ्या मेणबत्त्या लावलेलं. कुलूप त्याच्यासाठी होतं. टेबलावर प्रत्येकाच्या नावाची ताटली होती, बदामाची मिठाई, अक्रोड, संत्री. एकीवर माझं नाव. तिथे कोणी विचारायचं नव्हतं आणि मी नको म्हणायचं नव्हतं. उभ्या उभ्या सगळी संपवली. मान वर केली तर सगळे माझ्याकडे बघत होते. काकू म्हणाल्या, अगं, तुला भूक लागली होती? मग मी सांगून टाकलं.

काकू रडल्या. त्यांना वाटत होतं, मला त्यांच्या हातचं आवडत नाही, म्हणून त्या बिचाऱ्या माझ्या वाटचं कमी कमीच करत होत्या. आता घरात ठरलंय, मारिविकला तीनदा विचारायचं. ओमा एका दमात उरकते: हवं का, हवं का, हवं का, आण ताटली. हार्टमुटकाका दोनदा विचारून विसरतात, मग ओमा त्यांना पळीने मारते.

बटाट्याची कोशिंबीर चांगली असते, लोलो. सही कराल ना?

उत्तराची आणि मायेची वाट बघत,
मारिविक

सान रोके
११ जानेवारी १९९५

चि. मारिविक हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र तुझ्या आईस मोठ्याने वाचून दाखवले. ताटलीच्या मजकुरापाशी तिने ते माझ्या हातून घेतले व स्वतः वाचले. मग म्हणाली, बाबा, सही करा. मला तिथे कोणी एकदाही विचारलं नव्हतं.

सही केली आहे. सोबत जोडली आहे. पेटत्या मेणबत्त्या झाडावर लावणाऱ्यांनी जवळ पाण्याची बादली ठेवली होती काय, हे मात्र तू लिहिले नाहीस. ते कळव. माझी चौकशी संपलेली नाही.

गुड्रुनबाईंस माझा नमस्कार सांग. दिवसभर राबलेल्या माणसांस एका पळीसाठी तीन वेळा बोलावयास लावणे आपल्या घराण्यास शोभत नाही. यापुढे पहिल्याच वेळी हो म्हणावे. ही परवानगी जर्मनीपुरती आहे. मनिलाच्या विमानतळावर उतरताच ती रद्द समजावी.

कळावे. लोभ पूर्ववत.
तुझे लोलो,
अन्सेल्मो पंगानीबान