तुझी डावी अजून कपाटात आहे

प्रिय कमल,

काल मी मंदाशी खोटं बोललो. ते आधी तुला सांगितल्याशिवाय उद्या मला तिच्या दारात उभं राहता येणार नाही. म्हणून हे पत्र.

मंदा, अंगणवाडीची. तुझ्या तपासण्या आणि तिची कॅन्सरची किरणं एकाच वेळी चालू होती, तेव्हा तुम्ही दोघी एकाच एसटीने नगरला जायचात. चार वाजता आली. ओट्याच्या कडेला बसली. चहा नको म्हणाली. मांडीवर कापडी पिशवी, दोन्ही हात पिशवीवर.

"सर, काकूंचं ते हाय का अजून?"

"काय?" मला कळलं होतं. तरी विचारलं.

"सिलिकॉनचं. माझं फुटलंय."

तिने पिशवीतून ते काढलं. लंगोटाच्या मऊ फडक्यात गुंडाळलेलं होतं. मी चष्मा लावला आणि उजेडात धरलं. टोचल्याचं भोक असतं तर प्रश्न नव्हता. इथे कडेची शिवण बोटभर उकलली होती. आतला गर बाहेर येऊन फडक्याला चिकटला होता. शिवण उकलली की पट्टी धरत नाही, हे मला माहीत आहे. तसं मी तिला सांगितलं.

"पोरं मांडीवर येत्यात, सर. परवा एका पोरीच्या केसाला लागलं. ती म्हनली, बाई, मध हाय का? तवापासून रजेवर हाय मी."

"कापूस भरून?"

"ते बी केलं. पोर उचलाया वाकलं का वर सरकतंय. पार गळ्यापाशी. पोरं हसत्यात, मग मी बी हसते." आणि ती खरंच हसली. मग म्हणाली, "सोमवारी रजा संपती. न्हाई गेले तर दुसरी बाई ठेवतील. काकूंचं असलं तर..."

"ते तिच्याबरोबर गेलं," मी म्हणालो.

मंदाने ते माझ्या हातातून परत घेतलं. "बरं झालं. काकूंना तसंच पायजे हुतं." फडकं घडी करून ती उठली. फाटकाची कडी तिने हळू लावली, घरात आजारी माणूस असावं तशी.

कमल, ते तुझ्याबरोबर गेलं नाही. ते कपाटात आहे, दुसऱ्या फळीवर, त्याच्या डब्यातल्या खोलगट साच्यात. काल सकाळीच मी ते धुतलं होतं. रोज धुतो. कशासाठी, हे मला विचारू नकोस.

तू त्याला कधी स्तन म्हणाली नाहीस. ऑपरेशननंतर नगरच्या दुकानातून आणलं त्या दिवसापासून ती तुझी 'डावी' होती. "अहो, माझी डावी द्या." "डावी धुतली का?" पहिल्या दिवशी तू ती तळहातावर तोललीस आणि म्हणालीस, "पाच महिन्यांनी सरळ चालले आज. इतके दिवस एका खांद्यावर घागर होती." मला कुठे माहीत होतं, की एका बाजूचं वजन गेलं की पाठ दुखते! घरात राहणाऱ्या माणसाला इतकी साधी गोष्ट कळू नये?

आणि ती पिन! पदर नीट करताना पिन क्षणभर छातीशी ब्लाउजमध्ये खोचून ठेवायची तुझी चाळीस वर्षांची सवय. एकदा एका लग्नाला निघालो होतो. तू पिन खोचलीस, निऱ्या सारख्या केल्यास, पिन काढून खांद्याला लावलीस. दुखलं नाही, म्हणून कळलं नाही. संध्याकाळी ब्लाउज चिकट झाल्यावर म्हणालीस, "अहो, माझी डावी पाझरतीय!" आपण दोघं किती हसलो. मग तू मोरीत गेलीस आणि बराच वेळ बाहेर आली नाहीस.

मी शहाणपणा केला. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन लावलं. वरचं पातळ कवच सुरकुतलं, भोक आणखी पसरलं. दुकानातल्या बाई तुझ्यादेखत मला बोलल्या. "सर, ही काय ट्यूब आहे? मराठी शिकवता तेच शिकवा." मग त्यांनीच पारदर्शक पट्टी दिली आणि दाखवलं. आधी स्पिरिटच्या बोळ्याने गर पुसायचा. पट्टी गोल कापायची, कोपरे ठेवले की ते उचलतात. मधून कडेकडे अंगठ्याने दाबायची. दिवसभर हात लावायचा नाही. वर सुती खोळ. "आणि ही तात्पुरती हं," त्या म्हणाल्या. "नवी घ्यावी लागणारच."

नवी घेतली. तिलाही तू वर्षाच्या आत टोचलंस! तीही मीच सांधली. रोजचं धुणं माझ्याकडे आलं. कोमट पाणी, साधा साबण, नखं नाहीत, घासणी नाही, पिळायचं नाही, ऊन नाही. टिपायचं आणि साच्यात पालथं न ठेवता सरळ ठेवायचं. मी हे मन लावून केलं. वर्गात कवितेला हात लावताना जेवढी काळजी घेतली, तेवढी घेतली.

पण एक सांगतो. एकदा डावी धुताना तू दारात उभी होतीस. म्हणालीस, "वस्तूकडं एवढं बघता. मला बघता का एकदा, इथं?" मी म्हणालो, "पाणी गार होतंय." तू पदर ओढून गेलीस. पुन्हा विचारलं नाहीस. कमल, तू पुन्हा का विचारलं नाहीस? मीच का म्हणालो नाही?

रागावण्यासारखं माझ्याकडेही आहे. मी समजत होतो की ही आपल्या दोघांतली गोष्ट आहे. काल मंदा सहज बोलून गेली, "काकू समद्यांना सांगायच्या एसटीत. आमचे हे पंचर काढत्यात म्हनून." सगळ्यांना! कंडक्टरही ऐकत असणार! इतकी वर्षं मी बाजारात मान वर करून चालत होतो, आणि अर्ध्या कर्जतला माहीत होतं?

तुला लाज वाटली नाही. ती सगळी माझ्या वाट्याला आली, आणि त्या लाजेने काय केलं ते ऐक.

तू गेलीस त्या सकाळी बायका तुला आत आंघोळ घालत होत्या. मी बाहेर होतो. अंगण माणसांनी भरलेलं. तुझी बहीण दारात आली, ओल्या हातांनी. सगळ्यांसमोर तिने हळूच विचारलं, "भावजी, ताईची ती घालू का?" सगळे माझ्याकडे बघत होते. 'ती' म्हणजे काय, हे एखाद्याने विचारलं असतं. मी जमिनीकडे बघत राहिलो. तिने दोनदा विचारलं. मग ती आत गेली.

दूधवाला आला तरी तू आधी डावी घालायचीस आणि मग दार उघडायचीस. अन् त्या दिवशी सगळ्या गावासमोरून तू तशीच गेलीस. हिरव्या लुगड्याखाली डावीकडे सपाट. मी चालत होतो आणि मला तेवढंच दिसत होतं. 'घाल,' एवढाच शब्द होता. तो माझ्या तोंडातून आला नाही.

आता कळलं ना, मंदाला मी काय सांगितलं? जे व्हायला हवं होतं ते झालं म्हणून सांगितलं. आणि ते खोटं सांभाळायचं तर तुझी डावी कपाटातच राहणार, आणि त्यापायी मंदाची नोकरी जाणार.

आपल्या प्रशांतला फोन केला. म्हटलं, आईची वस्तू मंदाला देतोय, आणि कोणाची टोचलेली असेल तर सांधूनही देईन. तो चिडला. "बाबा, काहीतरीच काय! बायकांचं काम आहे ते. नर्सला सांगा. कर्जत केवढं आहे, लोक चेष्टा करतील तुमची."

"करू देत."

"आमची पण करतील."

"तुझीही करू देत. आईची होती ती वस्तू."

त्याने फोन ठेवला नाही. विचारलं, "अजून आहे ती?" मी हो म्हणालो. "मला वाटलं, आईबरोबर..." त्याला मी त्या सकाळचं सांगितलं. तुझ्या मुलाला, तुझ्या नवऱ्याने, पहिल्यांदा. तो म्हणाला, "द्या मग. सोमवारच्या आत द्या."

आज दुपारी मी डावी पुन्हा तपासली. जुनी पट्टी काढली, जागा पुसली, नवी लावली. आता हात लावायचा नाही. मंदाचीही डावीच बाजू, आणि माप तुझ्याहून फार वेगळं नसावं. खोळीत एक घडी जास्त घातली की बसेल. ही चार वर्षांची आहे, फार टिकणार नाही, हेही तिला सांगेन. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल कोणी खरं सांगत नाही, मी सांगेन. नवीसाठी गुरुवारी तिच्याबरोबर नगरला जाईन. माझा नंबर त्या दुकानात देऊन येईन. भोक असेल तर माझ्याकडे पाठवा, शिवण उकलली असेल तर पाठवू नका, असं लिहून.

उद्या सकाळी दहाला निघेन. तिच्या सासूसमोर म्हणेन, मंदा, मी परवा खोटं बोललो. मग धुण्याची रीत दाखवेन, आणि पहिली गोष्ट सांगेन ती पिनेची.

जाताना पारावर नेहमीचे चौघं असतील. "सर, सकाळी सकाळी डबा घेऊन कुठं?" असं विचारल्याशिवाय ते सोडणार नाहीत. कोणाकडे चाललोय ते मी सांगणार नाही; ते मंदाचं आहे. डब्यात काय आहे, ते मात्र सांगेन. मोठ्याने. शब्द वापरून. हे तुला माझं वचन.

तुझा,
वसंत